हानाएच्या नावावरचा गोल

राखीव गोलरक्षकाचं काम काय, असं कोणी विचारलं तर मी सांगते, दार उघडायचं. खेळून दमलेल्या मुली बाकाकडे आल्या की उघडायचं, ताज्या दमाच्या आत बर्फावर गेल्या की लावायचं. अठरा वर्षांखालच्या मुलींची आइस हॉकीची आशियाई स्पर्धा यंदा जपानात, आमच्याच तोमाकोमाईत भरली, आणि मी, ओनुमा चिसे, ती सगळी कडीला हात लावून पाहिली. तक्रार नाही. दारातून फार स्वच्छ दिसतं, आणि दुखणं त्यातूनच निघालं.

आमची कर्णधार तोगाशी हानाए. याच गावची, कागद कारखान्यामागच्या गल्लीतली. स्टेशनापासून मासळी बाजारापर्यंत तिचे फोटो लागले होते, आणि स्पर्धा सुरू झाल्यापासून बाईंचा एक गोल नाही. बचाव करणाऱ्या मुलीनं गोल केलाच पाहिजे असं काही नसतं, पण हे गावाला कोण सांगणार? इथला न्हावीसुद्धा हॉकीतला तज्ज्ञ. तिच्या वडिलांची दाढी करताना त्यानं विचारलं म्हणे, पोरीला नुसता झेंडा धरायला घेतलंय का? हानाएनं ते आम्हाला हसत हसत सांगितलं, पण त्या दिवशी सराव संपल्यावर ती एकटीच गोलवर रबरी चकत्या मारत राहिली.

शेवटचा सामना कझाकस्तानशी. जिंकेल त्याची स्पर्धा. बरोबरी चालू होती आणि खेळ संपत आला होता. हानाएनं लांबून, निळ्या रेषेवरून फटका मारला. फटका चुकला होता. मी बाजूनं पाहत होते, चकती खांबापासून चांगली हातभर लांब चालली होती. गोलसमोरच्या गर्दीत कोझाई सुझू उभी होती, आमच्यातली सगळ्यात धाकटी, पंधरा वर्षांची. दोन धिप्पाड मुली तिला पाठीत ढोसत होत्या. तिनं स्टिकचं पातं नुसतं टेकवलं. चकती वळली आणि जाळ्यात गेली.

जपानसाठीचा तिचा पहिलाच गोल. तिचे दोन्ही हात वर गेले. पण तोवर सगळ्या हानाएवर तुटून पडल्या होत्या. सुझूनं हात खाली घेतले आणि तीही त्या ढिगात शिरली. ध्वनिक्षेपकावर नाव आलं, तोगाशी हानाए. अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. हानाएच्या आईनं शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

चकती शेवटी जिच्या स्टिकला लागते, गोल तिच्या नावावर लागतो. अशा वेळी कर्णधारानं पंचांकडे जायचं आणि सांगायचं, गोल माझा नाही, हिचा आहे. पंचांशी बोलायचा हक्क तिचाच. दुसऱ्यांच्या नावावर चुकून लागलेले गोल हानाएनं असे कितीदा दुरुस्त करून घेतलेत. ती पंचांच्या दिशेनं थोडी सरकलीही. मग तिनं वर प्रेक्षकांकडे पाहिलं आणि वळून बाकाकडे आली. मी दार उघडलं. सगळ्या तिच्या पाठीवर थापा मारत होत्या, म्हणून मीही मारली. मला धडधडीत दिसलं होतं आणि मी थाप मारली, याची मला लाज वाटते.

आम्ही जिंकलो. कपडे बदलायच्या खोलीबाहेर नोंदी ठेवणारे गृहस्थ आले. चकती वाटेत वळल्यासारखी वाटत होती, पण चित्रफितीत मुलींच्या पाठी आड येत होत्या, काही कळत नव्हतं, म्हणून ते विचारायला आले होते. त्यांनी सुझूलाच विचारलं.

"चकती तुझ्या स्टिकला लागली होती का?"

हानाए समोरच्या बाकावर बुटाची नाडी सोडत होती. सुझूनं तिच्याकडे पाहिलं. हानाएनं मान वर केली नाही. नाडी केव्हाच सुटली होती, तरी ती सोडतच राहिली.

"नाही," सुझू म्हणाली. "ताईंचाच गोल आहे."

मग हानाएच्या आईनं भात आणला. आमच्याकडे शुभकार्याला करतात तो गुलाबी, गोड दाण्यांचा. मोठा डबा भरून, आणि तोही आदल्या दिवसापासून तांदूळ भिजवून. बाईंचा लेकीवर केवढा विश्वास! सुझूनं दोनदा मागून घेतला. हानाएचा पहिला घास तोंडातच फिरत होता. मला राहवलं नाही. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काय ग, आयत्या बिळावरच्या नागोबाला भात गोड लागतोय का?"

तिनं वाटी खाली ठेवली. तिचे कान लाल झाले होते. ती उठून तडक इवाबुची सरांकडे गेली, आमच्या प्रशिक्षकांकडे, आणि त्यांना घेऊन नोंदीवाल्यांना शोधायला निघाली. मीही मागे गेले. ते गृहस्थ कमरेत वाकून म्हणाले, माफ करा, खेळाडूनं स्वतःच नाही म्हटलंय, सह्या झाल्या, कागद पुढे गेला. आता गोल तुमचाच. सर त्यांना वाकून नमस्कार करून परत फिरले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सुझू बसपाशी सगळ्यांच्या पिशव्या चढवत होती. हानाएनं विचारलं, "खोटं का बोललीस?"

सुझू गोंधळली. "ताई, तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला हवाय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. थंडी वाजतेय म्हणून शाल पुढे करावी तसं ती बोलली. टोमणा असता तर हानाएला उत्तर देता आलं असतं.

तेवढ्यात सुझूचा फोन वाजला. तिची आई लांब पूर्वेकडे गाई पाळते. धारा सोडून येता येत नाही, म्हणून गोठ्यातच फोनवर सामना पाहत होती. सुझू म्हणाली, नाही ग आई, माझा नव्हता, तुला तसं दिसलं असेल. हानाएनं हात पुढे करून फोन मागितला. तिला एवढं एक तरी सरळ करायचं होतं. सुझूनं तो दोन्ही हातांनी दिला.

"काकू, मी हानाए. तो गोल सुझूचाच होता. मी गप्प बसले. माझं चुकलं."

पलीकडे गाय हंबरली. मग त्या बाई बोलल्या, आम्हालाही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, कारण गोठ्यात तसंच बोलावं लागतं.

"अहो, दिसलं मला. आईला दिसणार नाही का? असू दे हो, एका गोलानं काय होतंय. पोर पहिल्यांदाच घर सोडून आलीय. तुमच्याकडं बघूनच शिकणार ती. असंच शिकवत राहा तिला."

हानाए फोन कानाला लावून वाकली, कमरेतून, पार खाली. पलीकडून फोन कधीच बंद झाला होता. सुझू तिच्यासमोर अवघडून उभी होती, आणि ताई वाकल्यात म्हणून तीही वाकली.