दोष आढळला नाही

"तिसऱ्यांदा तपासली, काका," फोरमन हात पुसत म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे. चावी फिरवली की सुरू."

"इथे होते हो. दवाखान्यासमोर होत नाही."

"मग ती आम्हाला घाबरत असणार!" फोरमन हसला.

काकांचा मुलगा हसला नाही. "बाबा, झालं समाधान? आता चावी माझ्याकडे राहू दे. आईला मी रिक्षाने पाठवत जाईन."

खिडकीच्या आत बसलेल्या बाईने शिक्का उचलला होता, तो तसाच हातात राहिला. शोरूमच्या मागच्या या खोलीत ती बावीस वर्षं वॉरंटीचे कागद बघत होती. तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे वॉरंटीबाई म्हणत. 'दोष आढळला नाही' हा शिक्का कागदावर मारला की कंपनीच्या लेखी तक्रार संपायची. तो कागद पुढे घरी जाऊन काय करतो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच तिच्यासमोर एका माणसाने खिशातून चावी काढली आणि मुलाकडे न बघता पुढे केली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "काका, दवाखान्यासमोर नक्की काय होतं?"

"सांगून झालंय ना तीनदा," मुलगा म्हणाला.

"मला नाही सांगितलं."

काका खिडकीजवळ आले. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस, सांगायचा तोही थांबे मोजल्यासारखा. आठवड्यातून दोनदा बायकोला गुडघ्याच्या व्यायामासाठी न्यायचं. ती आत गेली की हे गाडीतच पेपर वाचत बसायचे. ती आली की चावी फिरवायची, इंजिन नुसतं घरघरायचं. तासाभराने आपोआप सुरू. गेल्या आठवड्यात बायको रडकुंडीला आली, म्हणून मुलाला फोन केला. मुलगा कामावरून आला, चावी फिरवली आणि गाडी सुरू!

"एका झटक्यात," मुलगा म्हणाला. "बाबा, कोणाचंही होतं असं या वयात. तुम्ही घाईत क्लच दाबायला विसरत असाल."

"चौतीस वर्षं बस काय मी ढकलत नेली?" काका बोलले, पण आवाजात जोर नव्हता. स्वतःचं स्वतःलाच खरं वाटेनासं झालं की माणूस असा बोलतो.

"काकू आत किती वेळ असतात?" बाईने विचारलं.

"चाळीस मिनिटं. कधी पाच-दहा मिनिटं जास्त."

तिने या गाडीच्या तपासणीची जुनी दोन्ही जॉबकार्डं काढली. दोन्हींवर तिचीच सही होती. पहिल्या वेळी गाडी रात्रभर उभी होती, सकाळी तपासली. दुसऱ्या वेळी फिरवून आणली, बंद केली, लगेच सुरू केली. आजही तेच. तक्रारीच्या रकान्यात मात्र तिन्ही वेळा लिहिलं होतं : 'दवाखान्यासमोर सुरू होत नाही.' ते वाचून सगळे दवाखान्यावर हसले होते. तीसुद्धा.

"फोरमन, गाडी तापवून आणा. मग बंद करून चाळीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही."

"बाई, तुम्ही कागद बघा, गाड्या आम्ही बघतो. चाळीस मिनिटं नुसतं बसायला माणूस कुठून आणू?"

"मी बसते."

"आणि टेबलावरची ही चळत?"

"ती कुठे पळून जाते?"

फोरमनने कपाळाला हात लावला, पण गाडी तापवून आणली. अंगणाच्या कडेला उन्हात उभी केली, तपासणीचं यंत्र जोडून ठेवलं आणि पुटपुटत निघून गेला. मुलगा आत पंख्याखाली बसला.

गाडीत काका स्टिअरिंगपुढे, ती शेजारी. दोन्ही काचा उघड्या.

"इंजिन चालू असताना पाणी फिरतं, उष्णता वाहून नेतं," ती म्हणाली. "बंद केलं की पाणी थांबतं. पण लोखंडातली उष्णता लगेच कुठे जाणार? बंद केल्यावर थोडा वेळ आतलं तापमान उलट वाढतं. एखादा सेन्सर तेवढ्यापुरता दगा देत असेल. गार झाला की शहाण्यासारखा वागतो."

"म्हणजे मुलगा आला तेव्हा..."

"सेन्सर शहाणा झाला होता."

काका खुदकन हसले.

"काका, मागचे दोन्ही नकार माझ्या सहीचे आहेत," ती म्हणाली. "नीट वाचलं नाही मी."

"सही पाहिली होती. अक्षर छान आहे तुमचं." ते समोर बघत राहिले. "खरं सांगू? चार दिवस मी घरात गॅस बंद केलाय का ते तीन-तीनदा बघतोय. अगोदर कधी बघत नव्हतो."

तिने घड्याळाकडे बघितलं. अडतीस मिनिटं झाली होती. तिचं मत बरोबर असेलच असं नव्हतं; ते चुकलं, तर या माणसाच्या विरुद्ध तिसरा कागद तयार होणार होता.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "फिरवा."

काकांनी पॅंटला हात पुसला. क्लच पूर्ण दाबला, तो दाबलेला पाय तिला दाखवला आणि चावी फिरवली. इंजिन घरघरलं. घरघरतच राहिलं.

"ऐका!" काका ओरडले. "ऐका, ऐका! नाही होत! अहो फोरमन, गाडी सुरू नाही होत!"

बंद गाडीचा एवढा आनंद त्या अंगणात कुणी केला नसेल. फोरमन धावत आला, यंत्राकडे बघून त्याची मान खाली गेली. इंजिन फिरत होतं आणि सेन्सर ते जागचं हललंच नाही म्हणत होता; म्हणून ते पेट घेत नव्हतं.

मुलगा आला. "सरका बाबा," म्हणाला आणि स्वतः बसला. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा क्लचवरचा आपला पाय खाली वाकून बघितला. मग उतरला. चावी त्याने वडिलांच्या हातात दिली आणि उगाचच आरशावरची धूळ बोटाने पुसत राहिला.

वॉरंटी संपायला तीन दिवस होते. अंगठ्याएवढा भाग तासाभरात बदलून झाला. बाईने कागद भरला : दोष, कारण, बदललेला भाग. आणखी एक गोष्ट लिहायची होती, तिला रकाना नव्हता. तिने समासात उभं लिहिलं, 'चालकाची कोणतीही चूक नाही', आणि खाली सही केली.

काकांनी चष्मा लावून ते वाचलं. "याची झेरॉक्स मिळेल? हिला दाखवायची होती."

"आईला मी सांगतो ना, बाबा."

"तू सांगच. पण कागदही असू दे."

झेरॉक्सचा कागद गरम होता. काका तो खिशात घालायला गेले, पण घडी घालायला त्यांचा हात धजेना. शेवटी मुलाने तो त्यांच्याकडून घेतला. गाडी फाटकाकडे वळली तेव्हा काका पुढे बघत ती सावकाश चालवत होते आणि शेजारी मुलगा दोन्ही हातांनी तो कागद मांडीवर सपाट धरून बसला होता.