पोपटनाथांची राखीव फळी

धोंडिबांच्या थोरल्या नातवाचं, रोहनचं, लग्न २०२३ च्या जानेवारीत झालं. दारातला मांडव उतरला त्याच रविवारी धायरीच्या मैदानावर देवानं मुलींचा बेसबॉलचा संघ निवडला.

दोनशे माणूस जमलं होतं. एरवी या मैदानावर खेळ बघायला दोन म्हातारे येत आणि चरायला एक गाय. त्या दिवशी गाईलासुद्धा जागा उरली नव्हती. मधोमध पाटावर पितळी घंगाळ, घंगाळात वाफाळतं कोमट पाणी, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. मागे वाघाच्या कातड्याचा छाप असलेल्या चादरीवर पोपटनाथ महाराज बसलेले.

"चेंडू गोल," महाराज म्हणाले. "पृथ्वी गोल. शून्य गोल. मैदानात बेस किती?"

"चार!"

"वेद किती?"

"चार!"

"खेळाडू नऊ, ग्रह नऊ. आता सांगा, हा खेळ मुळात कुणाचा?"

"आपला!" दोनशे माणसं गरजली. ज्यांनी आयुष्यात बेसबॉलची बॅट हातात धरली नव्हती, ती सर्वात मोठ्यानं.

मग कौल सुरू झाला. संघाबाहेर उभ्या असलेल्या पाच मुलींनी आपापलं नाव चिठ्ठीवर लिहून महाराजांच्या हातात दिलं. महाराजांनी प्रत्येक चिठ्ठी कणकेच्या गोळ्यात गुंडाळली आणि गोळा घंगाळात सोडला. पाचही गोळे तळाशी जाऊन बसले. शिष्यानं धूप घातला, झांज वाजवली. महाराजांनी डोळे मिटून पाव तास प्रवचन केलं. आणि लोकांनी श्वास रोखून धरला, कारण तळाशी बसलेल्या पाचातला एक गोळा हलला, डुलला आणि कुणीही हात न लावता वर येऊन पाकळ्यांत तरंगू लागला.

महाराजांनी तो फोडला. आत चिठ्ठी होती. तनुजा.

तनुजा क्लबचे अध्यक्ष नागोराव यांची भाची. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी टोप्या काढल्या. धोंडिबांनीही हात जोडले. धुपाच्या धुरातून कसलासा आंबूस, ओळखीचा वास आला आणि त्यांचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं, हीच भक्ती असावी.

ही वेळ क्लबवर का आली, तेही सांगायला हवं. संघ सोळा जणींचा. नऊ मैदानात, सात बाकावर. नऊ जणींबद्दल कुणाचं भांडण नसे, त्या दिसतच चांगल्या. सगळी भांडणं बाकावरून. त्यातही आउटफिल्डवरून, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाला उंच झेल घेणाऱ्या ज्या तिघी असतात, त्यांच्या राखीव जागांवरून. आदल्या वर्षी दीपालीबाईंनी, म्हणजे कोचनी, यादी लावली तेव्हा एका वडिलांनी ती फाडली, दुसऱ्यांनी चिकटवली, तिसऱ्यांनी त्या दोघांना बॅट दाखवली. तेव्हा नागोरावांनी जाहीर केलं, यंदा राखीव आउटफिल्डच्या दोन जागा वरून भरल्या जातील. एक या रविवारी, एक पुढच्या.

"वरून म्हणजे कुठून?" दीपालीबाईंनी विचारलं होतं.

"देवाकडून."

"अच्छा. देव सरावाला कधी आले होते? हजेरीत नाव नाही म्हणून विचारते."

नागोराव घंगाळ मागवायला निघून गेले. दीपालीबाईंनी झेलांची नोंद असलेली वही मिटून पिशवीत टाकली.

त्या पाच मुलींत एक निकिता, धोंडिबांची नात. दुसरी मिसबा, कासिमभाईंची नात. मैदानावरचे ते दोन म्हातारे म्हणजे हेच दोघे. शनिवार पेठेतल्या एका बेकरीत अडतीस वर्षं दोघांनी एका भट्टीवर पाव भाजले होते. आता रोज चार वाजता लिंबाखालच्या बाकावर बसून ते बेसबॉलवर भांडत.

"राखीवला पळणारी पोरगी पाहिजे," कासिम म्हणायचा. "मिसबा बघ, हरीण आहे."

"हरणाला चेंडू कुटं पडणार ते कळतंय व्हय?" धोंडिबा म्हणायचे. "आमची निकिता चेंडूच्या आधी तितं उभी ऱ्हाती."

"उभी राहते, कारण पळता येत नाही."

"आन् तुझी पळती, कारण चुकीच्या जागी उभी असती!"

त्या रविवारी मात्र कासिम आला नव्हता. थंडीनं त्याचा दमा वाढला होता.

सोमवारी निकिता सरावाला गेली नाही. मंगळवारी तिनं ग्लोव्ह माळ्यावर टाकला. तिची आई चंपा म्हणाली, "महाराजांच्या पाया पडून ये एकदा, पुढच्या रविवारी तरी तुझा गोळा वर येईल." पण निकिता पायाही पडायला तयार नव्हती आणि चेंडूही धरायला तयार नव्हती.

"दोन वरसं पहाटे उठून पळालीस ती काय यासाठी?" धोंडिबा म्हणाले.

"आजोबा, दीपालीमॅम नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. पण देवच नाही म्हणाला. माझ्यातच काहीतरी कमी असणार."

धोंडिबांना ते वाक्य लागलं. जागा गेली तर पुढच्या वर्षी मिळेल. पण अठरा वर्षांच्या पोरीनं स्वतःवरचा विश्वासच माळ्यावर टाकला तर तो कोण काढून देणार? आणि त्या घंगाळापुढं त्यांनी स्वतः हात जोडले होते. पोरीनं ते पाहिलं होतं.

बुधवारी ते बस पकडून कासिमकडे गेले. कासिम खाटेवर बसून इनहेलर ओढत होता. धोंडिबांनी सगळं सांगितलं.

"मिसबाचं काय?" त्यांनी विचारलं. "तिनं बी सोडलं का?"

"छे. ती म्हणते, दादाजान, माझी फाइल चुकीच्या खात्यात गेली. रोज सरावाला जाते." कासिम हसला, मग थांबला. "मला एक सांग. पाणी गार होतं की गरम?"

"कोमट."

"वर यायला वेळ किती लागला?"

"पाव तास लागला आसंल."

"गोळ्यांची कणीक एकाच परातीतली?"

धोंडिबा बोलायला गेले आणि थबकले. चौघींच्या वेळी महाराजांचा हात परातीत गेला होता. तनुजाच्या वेळी मांडीजवळच्या फडक्याखाली गेला होता. ते त्यांनी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

"आणि वास?" कासिमनं विचारलं. "कसला काही वास?"

धोंडिबांनी कपाळावर हात मारून घेतला. ऊर भरून आणणारा तो आंबूस वास कुठला, ते आत्ता त्यांना उमगलं. कासिम इतका हसला की त्याला परत इनहेलर ओढावा लागला.

"अडतीस वर्षं, धोंडिबा! अडतीस वर्षं देव आपल्याला रोज पहाटे कौल देत होता, आणि आपण त्याचे पाव करून विकले!"

दुसऱ्या रविवारी गर्दी दुप्पट होती. उरलेल्यांपैकी तिघी मुली चिठ्ठ्या घेऊन उभ्या होत्या. चौथीला, निकिताला, धोंडिबांनी हाताला धरून आणलं होतं. "चिठ्ठी दे नाय तर देऊ नको, पर बघायला चल," एवढंच ते म्हणाले होते. कासिम गळ्याला मफलर आणि पोटाशी शालीत गुंडाळलेला डबा घेऊन आला.

महाराजांनी वेद आणि बेस यांची गणती पुन्हा सुरू केली. तेवढ्यात धोंडिबा पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले.

"म्हाराज, आमची बी अर्जी हाय. आम्हाला संघात घ्या."

लोक हसले. नागोराव पुढं आले. "धोंडिबा, चेष्टा नको. मुलींचा संघ आहे."

"देवाला कळंल की. त्यो ठरवणार म्हनलावता ना तुमी?"

"अहो, वरून निवड आहे तर वरच्यांना अर्ज वाचू दे," दीपालीबाई म्हणाल्या. "आपण मध्ये कशाला पडायचं?"

त्यांनी वहीतली पानं फाडून तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि मोठ्यानं वाचल्या. पहिली: धोंडिबा, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. दुसरी: कासिम, वय त्र्याहत्तर, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. तिसरी: पोपटनाथ, वय सांगत नाहीत.

कासिमनं डब्यातून दोन लिंबाएवढे गोळे काढले आणि पहिल्या दोन चिठ्ठ्या त्यात भरल्या. तिसरीसाठी धोंडिबांनी महाराजांच्या परातीतली कणीक घेतली. शिष्य "अहो, अहो" म्हणेपर्यंत तिन्ही गोळे महाराजांच्याच घंगाळात बुडाले होते.

"पाणी विटाळलं!" महाराज ओरडले.

"पाणी तुमचंच," धोंडिबा म्हणाले. "आता पाव तास परवचन करा. न्हाईतर मी करतो. गोळा गोल. पाव गोल. खारी मात्र लांबडी हाय, तिचं कोडं अजून सुटलं न्हाई."

या वेळी हशा मोठा उठला. नागोराव घड्याळाकडे पाहू लागले. महाराजांनी शिष्याला काहीतरी खुणावलं, पण माणसं घंगाळाला इतकी चिकटली होती की वाट नव्हती. दहा मिनिटं झाली. बारा. एक गोळा हलला, डुलला आणि वर आला. त्याच्या मागोमाग दुसरा.

दीपालीबाईंनी ते फोडले. "धोंडिबा. कासिम. अभिनंदन. उद्या सकाळी सहाला मैदानात. गुडघे घेऊन या."

"आन् म्हाराज?" कुणीतरी विचारलं.

पोपटनाथांचा गोळा तळाशी होता. तो तिथंच राहिला.

मग धोंडिबांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. पावाच्या पिठात खमीर घालतात. खमीर पिठातली साखर खातं आणि त्यातून वायू सुटतो. त्या वायूनं गोळा आतून फुगतो, हलका होतो आणि पाण्यावर येतो. पाणी कोमट असलं की लवकर येतो, गार असलं की रखडतो. भट्टी लावायची वेळ झाली की नाही हे बघायला जुने बेकरीवाले असाच एक गोळा पाण्यात टाकून ठेवत. साध्या कणकेत खमीर नसतं, म्हणून ती वर्षभर तळाशी बसेल. ज्या मुलीला निवडायचं तिची चिठ्ठी खमिराच्या पिठात, बाकीच्यांच्या साध्या कणकेत. बस्स.

"आमच्या कनकेला खमिराचं नाव बी म्हाईत न्हाई," शिष्य म्हणाला.

कासिमनं मांडीजवळचं फडकं उचललं. खालचा गोळा तोवर चांगला फुगून फडक्याला चिकटला होता. फडक्याबरोबर तो तारा सोडत वर आला आणि भर मैदानात ताज्या पावाच्या पिठाचा वास पसरला.

"ह्यो वास मी जलमभर घेतला," धोंडिबा म्हणाले, "आन् मागच्या रविवारी मीच हात जोडले. बेकरीत गोळा वर आला की मी भट्टीकडं पळायचो. हितं घंगाळ पितळंचं, धूप घातलेला, चार लोक जोडतायत म्हनून मी बी जोडले. माझी चूक झाली. निकिता, ऐकतीस ना? चूक माझी झाली, तुझी न्हाई."

पोपटनाथ कधी उठून गेले ते कुणी पाहिलं नाही. चादर मात्र राहिली. ती पुढं राखीव खेळाडूंच्या बाकावर अंथरायला उपयोगी पडली.

तनुजा मामासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मामा, माझं नाव काढा. मला पण सगळ्यांसारखे झेल द्या."

दीपालीबाईंनी लगेच बॅट उचलली. प्रत्येकीला वीस उंच चेंडू, आणि गर्दीनं मोठ्यानं मोजायचं. ज्यांनी आठवड्यापूर्वी वेद मोजले होते त्यांनी आता झेल मोजले. खेड शिवापूरहून दोन बस बदलून येणारी ऋतुजा घुले हिनं अठरा घेतले. तिच्याकडे तोवर कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. मिसबानं सतरा. निकितानं, धोंडिबांनी माळ्यावरून काढून पिशवीतून आणलेल्या ग्लोव्हनं, सोळा. तनुजानं अकरा. पाचव्या मुलीनं नऊ.

जागा दोनच होत्या.

निकितानं ग्लोव्ह हातातून काढला. धोंडिबांना वाटलं, आता पुन्हा माळा. ती बाकापाशी आली आणि म्हणाली, "दोन झेल उन्हाकडे बघितल्यामुळं सुटले, आजोबा. उद्यापासून टोपी घालते."

"मंजी उद्या हायच?"

"देवाशी काय भांडणार? एका झेलाशी भांडता येतं."

सांगायचं ते एवढंच. कुणी चमत्कार दाखवला तर घाबरू नका आणि लाजूही नका. पाणी गार की गरम, वेळ किती लागला, पीठ कुठून घेतलं, असं विचारा. खऱ्या गोष्टीला प्रश्नांनी काही होत नाही. आणि माणसाची पारख करायची असेल तर त्याला काम द्या आणि सगळ्यांदेखत मोजा. त्यात हरलेल्याला निदान कळतं की तो कुठं हरला.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या जानेवारीत, निकिता राखीव आउटफिल्डमध्ये आली. जिल्ह्याच्या सामन्यात ती आणि मिसबा शेजारी शेजारी बाकावर बसल्या होत्या. कासिम ओरडत होता, निकिताला मैदानात उतरवा. धोंडिबा ओरडत होते, मिसबाला उतरवा. दीपालीबाईंनी दोघांनाही मैदानाबाहेर काढलं.

कासिमचा दमा त्या हिवाळ्यात वाढतच गेला. डॉक्टर होते, औषधं होती, इनहेलर उशाशी होता. अंगारा त्यानं कुणाला लावू दिला नाही. १५ मार्च २०२४ रोजी, शुक्रवारी, रमजानच्या चौथ्या दिवशी, दुपारी तो घरीच वारला. वय चौऱ्याहत्तर.