समुद्राकाठचं कार्ड आणि शाहिस्ताचा डावा पाय

मित्रांनो, जरा डोळे मिटा. फ्रान्समधला एक समुद्रकिनारा, काठावर जुना गोल बुरूज आणि बुरुजातल्या भिंतींवर एकाच चित्रकाराची शेकडो चित्रं. लोक तिकीट काढून आत जातात आणि हसत बाहेर येतात. दिसलं? त्याच दाराशी, तारेच्या स्टँडमध्ये, खाऱ्या वाऱ्यात मी फडफडत असायचो. मी तिथलं एक जुनं चित्रकार्ड आहे. माझ्यावर बैलगाडीएवढी रुंद बाई आहे आणि तिच्या काखेत जवळजवळ हरवलेला, काडीसारखा तिचा नवरा. तरीही दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरलाय.

बिभीषण सरांची भाची तिकडे शिकायला गेली होती. तिने मला मामांकडे पाठवलं आणि मी ईट गावाजवळच्या त्यांच्या शाळेत आलो. वर्षभर सगळ्यांनी मला वाखाणलं. मग मी खडूच्या खोक्याखाली गेलो. कोपरे दुमडले, अंगावर चहा सांडला.

यंदा सरांनी मला पुन्हा बाहेर काढलं. सातवीच्या मुलांना दाखवून त्यांनी फळ्यावर ‘व्यंगचित्र’ असं लिहिलं आणि म्हणाले, “उद्या प्रत्येकानं वर्गातल्या कुणाचं तरी एक काढून आणायचं.” तेवढ्यात घंटा झाली. शब्दाचा अर्थ सांगायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षने आपला कागद पुढे केला. त्यावर शाहिस्ता होती. एक पाय लांब, एक आखूड. शाहिस्ता खरंच थोडी लंगडत चालते. आणि चित्रकलेत वर्गात तिचा हात धरणारं कुणी नाही.

“हे काय रे?” सरांनी विचारलं.

“तुमीच म्हणला न्हवं सर, व्यंगचित्र काढा म्हणून? मग ज्याला व्यंग हाय त्याचंच काढावं लागंल की. बाकीच्यांचे पाय नीट हायत.”

तो चेष्टा करत नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. शाहिस्ताने चित्रवही दप्तरात कोंबली. “सर, जिल्ह्याच्या चित्रकला स्पर्धेतनं माझं नाव काढा. मी न्हाय काढत आता चित्रं.”

सरांनी मला हातात घेतलं. मग म्हणाले, “चूक माझी हाय, पोरांनो. ह्या शब्दातलं व्यंग म्हणजे शरीरातली खोट न्हाय. गमतीगमतीत खरं सांगणं, ते हे.” त्यांनी मला उलटं केलं आणि भाचीचं अक्षर वाचून दाखवलं: ‘मामा, पहिल्याच खोलीत चित्रकाराने स्वतःला काढलंय. नाक पार दाराबाहेर गेलंय.’

मित्रांनो, मला खडूखाली ठेवलं याचा मला राग नाही. दुमडलेला कागद सरळ करता येतो. कुणाला हसाल तेव्हा मात्र त्याचा हात सोडू नका, एवढंच माझं मागणं.

शाहिस्ता उठली, उत्कर्षच्या बाकापाशी गेली आणि ते चित्र तिने नीट न्याहाळलं.

“पाय चुकलाय तुझा,” ती म्हणाली. “आखूड डावा हाय. तू उजवा केलायस.”

तिने त्याच्याकडून खोडरबर घेतलं, पाय दुरुस्त केला. मग उत्कर्षकडे एकदा निरखून पाहिलं आणि शेजारच्या कोऱ्या जागेत त्याचे कान काढायला घेतले. दुसऱ्या कानाला कागद पुरेना, तेव्हा तिने दप्तरातून चित्रवही काढली.