साबण लावलेला गज

मला त्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या शोची मनापासून किळस येते. चकचकीत शर्ट, केसांवर मारलेला फवारा, आणि जन्मात शेणात पाय न पडलेली पोरं शेताभाताची गाणी गातात. गाण्याबजावण्यावर जगणाऱ्या आमच्या नॅशव्हिल गावात असं बोललं की शेजारणी म्हणतात, नोव्हेला, तुझी चूल त्यावरच पेटते. पेटते, म्हणून काय मी नाक मुरडायचं सोडू?

माझा नवरा वर्लिन त्या शोमध्ये फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवतो. वाजवतो कसला, हात हलवतो. सूर सगळे टेपमधून येतात. मध्येच एखादा खरा सूर निघू नये म्हणून गजाच्या केसांना, तारेला धरून सूर काढणाऱ्या राळेऐवजी, साबण फासतात. मग गज तारांवरून नुसता घसरतो. बाकीचे हे काम स्टुडिओत उरकतात. वर्लिन घरूनच तयार होऊन जातो, माझ्या भांड्यांच्या साबणाने.

हाच माणूस एके काळी माझ्या बापाच्या ओसरीवर असा वाजवायचा, की बाप तोंडातली तंबाखू थुंकायला विसरायचा. तिथेच त्याने माझ्यासाठी एक चाल बांधली. पुढे या शोचा मुख्य गायक कॉर्डेल प्रुइट याने ती आपल्या गाण्याच्या सुरुवातीला लावली. गाणं गाजलं आणि चाल कॉर्डेलची झाली. वर्लिनने हूं की चूं केलं नाही. त्या गप्प बसण्याचीही मला किळस यायची.

यंदा कॉर्डेलला म्हातारपणी उपरती झाली. त्याचा फोन आला.

"वर्लिन, लेका, शनिवारी टेप बंद. चाल तुझी आहे हे मी सगळ्यांसमोर सांगणार. तू एकट्याने वाजवायची. खरीखुरी."

"थट्टा करतोस का गरिबाची?"

"आईची शपथ!"

वर्लिनने गजाला नवे केस बसवून आणले, राळ घासली आणि आठवडाभर ओसरीवर बसून चाल घोटली. पहिल्या दिवशी ती रडकी वाजली. मग बोटं सुटली. ऐकता ऐकता माझा मक्याचा पाव करपला.

"काय बघतेस गं?"

"बघत नाही, ऐकतेय. तू वाजव मुकाट्याने."

मला तो पुन्हा आवडायला लागला होता. या वयात!

शनिवारी सकाळी तो माझ्याकडे पाठ करून सिंकपाशी उभा होता. नळ चालू होता. मला वाटलं, हात धुतोय.

संध्याकाळी स्टुडिओच्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत बसले होते. कॉर्डेलने दिला शब्द पाळला, वर्लिनचं नाव घेतलं. वर्लिनने गज तारांवर ठेवला आणि ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला. नुसती सळसळ झाली. त्याने गजाकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि मला सकाळचा नळ आठवला. इतक्या वर्षांची खोड, हातांनी आपोआप साबण फासला होता.

चूक कुणाचीही होते. बँडमधली दुसरी फिडलवाली, टॅरिन, पुढे झाली. "काका, माझा गज घ्या ना, राळ लावलेला आहे."

नुसता हात पुढे करायचा होता. वर्लिनने टेपवाल्याकडे पाहून भुवया उडवल्या.

टेप सुरू झाली. हॉल त्या चालीने भरून गेला आणि वर्लिन दात काढून, मान डोलावून कोपर नाचवू लागला. लोक उभे राहिले. कॉर्डेलने मात्र मान खाली घातली. चोराला लाज वाटली, माझ्या नवऱ्याला नाही.

घरी आल्यावर वर्लिन म्हणाला, "झकास झालं, नाही? सगळे उभे राहिले गं!"

"तो साबण धू," मी म्हटलं. "राळ लाव आणि माझी चाल मला वाजवून दाखव."

"आत्ता? राळ कशाला? हे बघ."

त्याने तोच गज उचलला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला. कोपर, मान, दात, सगळं जसंच्या तसं. आवाज नाही. शेवटपर्यंत गज फिरवून तो थांबला आणि टाळ्यांसाठी माझ्याकडे बघत राहिला.