खो मिळायच्या आधी

तुळशीची आण, शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर माझे उरलेले तीन दात आत्ताच्या आत्ता ह्या ओट्यावर पडू देत. सुमनबाई थापा मारती म्हनून गाव बोंबलतंय, म्हनून आण आधीच घेऊन टाकली.

तर योग्या, माझा भाचा, ह्याच ओट्यावर बसलेला. चहा बशीत ओतून प्यायचं इसरला आन् नुसता बशीकडं बघायलता.

"माशी पडली का काय रे?"

"आत्या, निकिताला पुण्याकडच्या क्रीडा शाळेत घ्यायलेत. पळायला. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच."

"मग तोंड कशाला पाडलंस? पेढे आण की!"

"सोमवारी हजर व्हा म्हनलेत. आपली फायनल बुधवारी हाय."

निकिता म्हंजी किशनरावाची पोरगी. योग्या शाळेतल्या पोरींना खो-खो शिकवायचा, त्यातली सगळ्यात चपळ. आन् शाळेच्या संस्थेनं योग्याला साफ सांगितलेलं, औंदा जिल्ह्याचा कप आणा, न्हाईतर टीम बंद. मैदानात शाळेच्या बसा लावायच्या आन् तुमी घरी बसायचं.

योग्या काय साधा गडी न्हवता. परभणीला कालेजात असताना कबड्डी, खो-खो, भाला, पळणं, सगळ्यात पुढं. भाला फेकला की दुसऱ्या दिवशी सापडायचा. हसू नका, हुडकायला मीच गेलते, शेताच्या धुऱ्यात रुतलेला व्हता, वर पाखरू बसलेलं. एकदा कबड्डीत समद्या टीमनं धरला तर समद्यांना लटकवून लाईनीपोत्तर आला. पंच बी लटकला व्हता, सोडवायला गेला म्हनून.

पर त्याला न्हाई म्हनता येत न्हवतं. ज्या खेळात माणूस कमी पडलं तिथं योग्या. विद्यापीठाच्या सामन्याला सकाळी कबड्डी, दुपारून खो-खो, सांजच्याला पळणं. पळता पळता गुडघा असा वाजला, असा वाजला, हितं गावात मी भाकरी थापायलते, मला ऐकू आला. मग कबड्डीवाले म्हनले हा तर खो-खोचा, खो-खोवाले म्हनले हा तर पळणारा. दवाखान्यात कोन बी आलं न्हाई. लंगडत गावाकडं आला आन् पोरींना शिकवायला लागला.

तेवढ्यात निकिता आली. घामाघूम, चपला हातात.

"सर, मी फायनल खेळूनच जाते. दोन दिवस थांबतील की ते."

"न्हाई थांबत. जागा दुसरीला जाईल."

"जाऊ द्या मग. मला खो-खो बी आवडतंय, पळणं बी."

योग्या ताडकन उठला. बशी लवंडली. "दोन्ही म्हनू नको! एक धर!"

"तुमी तर चार खेळलाव, सर."

"म्हनूनच म्हनायलोय."

पोरीनं हातातल्या चपला खाली टाकल्या. मग हळूच म्हनली, "आन् बुधवारी माझ्या जागी कोन?"

"ते माझं मी बघतो. जा, बॅग भर."

ती गेल्यावर मी म्हनलं, "बाबा, तिचं झालं. तुझं काय?"

"आत्या, चहा सांडलाय, दुसरा टाक."

ऐतवारी चुडाव्याच्या ठेसनावर आमी दोघं सोडायला गेलो. किशनराव लेकीसंगं चालले व्हते. गाडी हलली तशी निकितानं दारात येऊन हात केला, लय येळ केला.

बुधवारी परभणीला फायनल. मी बी गेले, गुडदाणी बांधून. योग्यानं निकिताच्या जागी नवी पोरगी घातली व्हती. खो-खोत रांगेत बसलेल्या पोरीनं पाठीला हात लागून 'खो' आल्याबिगर उठायचं नसतं. पर श्रद्धा, आमची दुसरी चांगली पोरगी, तिला निकिताची सवय. निकिता पाठीमागं आली की हात पडलाच म्हनून समजायचं. शेवटच्या मिंटाला पाठीमागं पावलं वाजली आन् श्रद्धा उठली. नव्या पोरीचा हात अजून वाटंतच. पंचानं शिट्टी मारली. समोरच्या टीमची पोरगी हाताशी आलेली, निसटली. एका गुणानं कप गेला.

श्रद्धा मातीत तोंड खुपसून रडायली. "सर, मला वाटलं खो आला. खरंच वाटलं, सर."

योग्या गुडघा धरून तिच्याजवळ बसला. "तुझी चूक न्हाई गं. तुला तशीच सवय मी लावली."

एवढंच बोलला. येताना गाडीत कोनी गुडदाणीला हात लावला न्हाई.

दुसऱ्या दिवशी योग्या पहार घिऊन मैदानात गेला. खो-खोचे दोन्ही खांब त्यानंच रवलेले, त्यानंच उपटले. शिपाई म्हनला, "सर, राहू द्या, आमी काढतो." ऐकलं न्हाई. खड्डे बुजवले, दुखऱ्या पायानं माती दाबली. आता तिथं बसा उभ्या राहतात. योग्या परभणीला पोलीस भरतीच्या पोरांना पळवायला जातो. सकाळी जातो, दुपारी येतो, गुडघ्याला तेल लावून पडतो. निकिता चांगली पळायली म्हनतात. तो तिच्याबद्दल बोलत न्हाई, मी बी इचारत न्हाई.

झालं सांगून. भाला खरा, पंच खरा, गुडघ्याचा आवाज तर खराच खरा. आता देवाला भिऊन एक कबूल करते. निकितानं दारात येऊन हात केला म्हनले ना, ते तेवढं माझ्या पदरचं हाय. पोरगी चढली ती पार पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली. गाडी हलली तरी हिकडं बघितलं न्हाई. योग्यानंच हात वर केलता. गाडी गेली, माणसं गेली, तरी त्याचा हात वरच. मग मीच मनगटाला धरून खाली घेतला.