दोन एमबीचा राहू

"चढली! चढली!"

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढं एकच गलका उठला. भवानी पेठेतल्या नर्सिंग कॉलेजच्या वेबसाइटवर चार दिवस पोरींची प्रवेशाची कागदपत्रं चढत नव्हती. तिप्पण्णा महाराजांनी हात लावला की चढत होती. दाखल्याचा फोटो आधी महाराजांच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा. महाराज डोळे मिटून पुटपुटायचे, फोटो 'शुद्ध' होऊन परत यायचा. तो साइटवर टाकला की हिरवी खूण!

"राहूनं सर्व्हर धरलाय," महाराज सांगत. "मी ओटीपी दिला की सोडतोय."

लोक हात जोडत. भुवनेश्वरी मात्र मागं उभी राहून बघत असे. ती साइट तिनंच लिहिली होती. पहिल्याच दिवशी ती कॉलेजच्या संगमेश सरांकडं गेली होती. "सर, साइट तपासू द्या."

"साइटमध्ये खोट आहे असं बाहेर गेलं, तर तुमचं कंत्राट संपलं समजा," सर म्हणाले होते. तेव्हापासून तिनं तोंड शिवून घेतलं होतं, साइटला हातही लावला नव्हता.

आज शेवटचा दिवस. पाचला साइट बंद होणार होती. साडेतीनला होटगीची मल्लव्वा लेकीला, काव्याला, घेऊन पुढं आली. काव्याचा दाखला महाराजांकडं गेला, मंत्र झाला, परत आला. साइटवर टाकला, तर लाल अक्षरं: 'अपलोड अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.' दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

महाराजांनी डोळे उघडले. "तीनदा नकार आला. पोरीच्या नशिबात इद्या न्हाय, माय. लगीन लावून टाक."

"व्हय महाराज," मल्लव्वा म्हणाली. "आमी तरी किती धावायचं? चल गं."

"आई, मला ब्याऐंशी टक्के हायत की!" काव्या रडवेली झाली. आईनं तिचा दंड धरला होता.

भुवनेश्वरीला राहवेना. तिनं काव्याचा फोन घेतला. बाकीच्यांनी फोटो पाठवले होते. काव्याचा दाखला दुकानात स्कॅन केलेला होता, पीडीएफ. भुवनेश्वरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती कॉलेजच्या ऑफिसात धावली, सर्व्हरची नोंद उघडली. प्रत्येक नकारापुढं एकच कारण होतं: फाईल दोन एमबीपेक्षा मोठी. सर्व्हर चार दिवस कारण सांगत होता. तिनं घाईत लिहिलेला प्रोग्राम ते गिळून सगळ्यांना एकच 'अयशस्वी' दाखवत होता.

बोलावं तर कंत्राट जाणार. गप्प बसावं तर काव्याचं वर्ष, कदाचित सगळं शिक्षणच.

ती बाहेर आली. "चूक माझी आहे," ती मोठ्यानं म्हणाली. गर्दी वळली. "फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. साइट दोनपेक्षा मोठं घेत नाही, पण हे तुम्हाला सांगायचं मी विसरले. व्हॉट्सॲप फोटो आपोआप लहान करतं, म्हणून तो चढतो. पीडीएफ ते लहान करत नाही, म्हणून काव्याची चढली नाही. यात राहू कुठं आला?"

"नास्तिक हाय ही!" महाराज उसळले.

"मग तुमच्या कॅमेऱ्यानं आत्ता एक फोटो काढा. मंत्र म्हणा, आणि व्हॉट्सॲपवर न पाठवता थेट चढवा."

लोकांनीच आग्रह धरला. महाराजांनी मंत्र म्हटला, बटण दाबलं. 'अपलोड अयशस्वी.' कुणीतरी फिस्सकन हसलं. पुन्हा मंत्र, पुन्हा लाल अक्षरं.

"आज अमावास्या जवळ आलीया..." म्हणत महाराजांनी चपला शोधल्या.

भुवनेश्वरीनं काव्याची पीडीएफ लहान करून चढवली. हिरवी खूण उमटली. मंत्र कुणी म्हटला नव्हता. मल्लव्वाच्या हातातला लेकीचा दंड सुटला.

"बाई, म्हंजी पोरीचं नशीब...?"

"नशिबाला काही झालेलं नाही, मावशी. फाईल जाड होती, एवढंच."

कॉलेजच्या दारात संगमेश सर उभे होते. "उद्या भेटा," एवढंच म्हणाले. कंत्राट गेलं, हे तिनं ओळखलं. तरी ती आत गेली आणि पाच वाजायच्या आत तिनं ती लाल ओळ बदलली: 'फाईल दोन एमबीपेक्षा मोठी आहे. लहान करून पाठवा.'

यंत्र रागावत नाही आणि प्रसन्नही होत नाही. ते अडलं तर कारण असतं. ते कारण विचारा, आणि कळेपर्यंत विचारत राहा. मिळालं नाही, तर यंत्र बनवणाऱ्याला धारेवर धरा. पण आपल्या लेकीच्या नशिबाला बोल लावू नका.