बुधवारच्या खेळाला पिवळा अॅप्रन

नाट्यगृहाच्या दाराबाहेर दोन पुरुष उंचीचं पोस्टर आहे. पिवळे अॅप्रन घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका त्यात हसतायत आणि वर लिहिलंय, ‘तुम्हीही वेश करून या!’ त्या बायका नट्या नाहीत, प्रेक्षक आहेत. दर शनिवारी ‘चांदीचा हंगाम’ला अर्धं प्रेक्षागृह असंच पिवळं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जो तो माझ्याकडे असा बघत होता की या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझं डोकं ठीक होतं. निदान सुरुवातीला.

हे संगीत नाटक आमच्याच ग्रिम्सबी बंदराचं आहे. हेरिंग माशांच्या मागे बंदराबंदरानं फिरणाऱ्या, मासे चिरून मिठात घालणाऱ्या पोरी आणि त्यांचा संप. लिहिलंय लंडनच्या कुणीतरी, ज्यानं हेरिंग फक्त बशीत पाहिला असणार. पण गाणी चांगली आहेत, ते कबूल. माझी मुलगी कर्स्टी त्यात आहे. घोळक्यात. टोपली घेऊन यायचं, मागे उभं राहून गायचं. शिवाय कुणी आजारी पडलं तर उभं राहायला तीन मोठी कामं तिला पाठ. सात महिने कंपनीबरोबर गावोगाव फिरली, पण कुणाला साधी शिंक आली नाही.

बुधवारी सकाळी दहाला फोन आला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात, बटाट्यांत कोपरापर्यंत.

“आई, थोरलीचा आवाज बसलाय. दुपारी मी करतेय.”

“आता कायमचं तूच?”

“वेडी आहेस का? संध्याकाळी लंडनहून दुसरी येतेय, तिनं हे काम आधी केलंय. मला फक्त दुपारचा एक खेळ. येशील?”

“हे काय विचारणं झालं?”

“अॅप्रन घालून ये. स्टेजवरून काही दिसत नाही गं, नुसता काळोख. पण पिवळं दिसतं. तू कुठे बसलीयस ते मला कळायला हवं.”

थोरली म्हणजे नाटकातली थोरली बहीण. पंधराव्या मिनिटाला तिचं एकच गाणं, मग ती बोटीवर चढते आणि जाते ती जातेच. पुढे नुसतं तिचं नाव निघतं. म्हणजे ते गाणं चुकलं की सगळंच चुकलं.

अॅप्रन मी शनिवारसाठी शिवून ठेवला होता. कामावरच्या सगळ्याजणी मिळून जाणार होतो. आठ रविवार घातले त्यात. मेणकापडावर घरच्या मशीनची सुई मोडते, म्हणून निम्मी शिवण हातानं. त्या पोरी चाकूपासून बोटं वाचवायला एकेका बोटाला चिंधी बांधत, तेही केलं. कामावरच्या ब्रेंडानं दहाही बोटं गुंडाळून दिली, वर दोऱ्याच्या गाठी.

“आता नाक कशानं खाजवशील गं, गेनर?”

“तुझ्या बोटानं.”

मोठ्या बाईंना सांगितलं, पोटात दुखतंय, घरी जाते. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “हा आजार पसरणारा दिसतोय. शनिवारी सगळ्या स्वयंपाकघरालाच होणार वाटतं.” पण सोडलं. बाई चांगली आहे.

आता माझी चूक. बुधवारची दुपार म्हणजे म्हाताऱ्यांचा खेळ. बसगाड्या भरभरून येतात, स्वस्तातलं तिकीट, गोळ्यांचे कागद कुरकुरत दोन तास. त्यात वेश करून कोण येतो? कुणीच नाही. आठशे खुर्च्यांत पिवळी मी एकटी. अकराव्या रांगेत मधोमध जाऊन बसले, तर शेजारचा आजोबा म्हणाला, “बाई, आइस्क्रीम आत्ता मिळेल का मध्यंतरात?”

“मी विकत नाही हो. मी बघायला आलेय.”

“मग असं का...” एवढं बोलून त्यानं सभ्यपणे तोंडात गोळी टाकली.

अडीचला पाच मिनिटं होती. आणि मला हुक्की आली फलकाची. बाहेर तिकीटखिडकीशी फळ्यावर चिठ्ठी लावतात, आजच्या खेळात अमुक काम अमुक करेल. तिथे लेकीचं नाव होतं, कर्स्टी डॅनट. मला त्याच्याशेजारी उभं राहून फोटो हवा होता. बोटांना चिंध्या, फोन उघडेना, म्हणून काठी घेतलेल्या एका म्हातारीला गाठलं. नाकानं फोन उघडून तिच्या हातात दिला. तिनं तीनदा स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढला. चौथ्यांदा माझा निघाला तेव्हा दुसरी घंटा झाली होती.

मी धावले. प्रेक्षागृहाच्या मागच्या बोळात वळले तर समोर क्लाइव्ह. नाव त्याच्या छातीवर होतं. जागा दाखवणारा निवृत्त माणूस, बँकेत असावा असा चेहरा, कानात यंत्र. मला बघताच त्याचे डोळे मोठे झाले.

“अहो, तुम्ही इकडे काय करताय? बाकीच्या केव्हाच लागल्या रांगेत!”

“माझी जागा अकराव्या...”

“बोलू नका, बोलू नका, दिवे गेले!” आणि खांद्याला धरून त्यानं मला एका काळ्या पडद्याआड ढकललं.

या नाटकाची सुरुवात अशी आहे की पोरी स्टेजवरून येतच नाहीत. प्रेक्षकांच्या मागून, टोपल्या घेऊन, मधल्या वाटेनं गात येतात. पडद्याआड त्या सहाजणी उभ्या होत्या. खऱ्या. श्वास आवरत, ओठ हलवत. कुणीतरी माझ्या हातात टोपली दिली. एक ठेंगणी माझ्या अॅप्रनला हात लावून कुजबुजली, “अगं, हा आमच्यापेक्षा छान आहे की! तुला नवीन दिला?”

बाहेर पिपाणी सुरू झाली. मला एवढंच करायचं होतं की टोपली उचलून त्यांच्यामागून चालायचं. अकराव्या रांगेशी गुपचूप वळायचं. देवाशप्पथ, पाय उचलला होता.

पण मला माहीत होतं. कर्स्टीनं घरी चहाच्या टेबलावर मीठमिरीच्या डब्या मांडून दाखवलं होतं. सहाजणी, एकेकीची जागा आखलेली, स्टेजच्या फळीवर आकडे लिहिलेले. एक जास्त झाली तर सगळ्या अडखळतात, आणि त्यांच्या मधोमध उभी राहून गाणार होती माझी लेक. मी टोपली खाली ठेवली.

“मी कंपनीतली नाही. मी प्रेक्षक आहे.”

काळ्या कपड्यातली, कानात बोलायचं यंत्र घातलेली पडद्यामागची एक बाई होती, तिच्या तोंडाचा रंगच गेला. “मग इथे आलात कशा?”

“मला ढकललं.”

“कुणी?”

“तुमच्या क्लाइव्हनं!”

तिनं ओठांवर बोट ठेवलं. पोरी पडद्याबाहेर गेल्या, गाणं उठलं, आणि तिनं शेजारचं लोखंडी दार ढकलून मला बाहेर काढलं. दार मागे बंद. त्या दाराला बाहेरून मूठच नाही. मी कचऱ्याच्या पिंपांत उभी, भर दुपारी, मासेवाली होऊन. खरं बोलल्याचं बक्षीस.

गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आले. तोंडाला फेस आलेला.

“तिकीट?” दारावरचा गडी म्हणाला.

“मी आत होते. दहा मिनिटांपूर्वी तूच मला आत सोडलंस.”

“असेल. तिकीट?”

“मला तू विसरलास? मला? अशा अवतारात?”

“बाई, शनिवारी चारशे येतात अशा.”

“आज बुधवार आहे रे!”

तिकीट फोनमध्ये. फोन बोट मागत होता, बोटाला चिंधी. नाकानं उघडायला गेले तर घामानं नाक घसरायला लागलं. शेवटी दातांनी दोरा तोडला, एक बोट मोकळं केलं. तोंडात धाग्याचे तुकडे, मेणकापडाचा वास. गड्यानं तिकीट बघितलं आणि म्हणाला, “उशीर झालाय. उशिरा आलेल्यांना विसाव्या मिनिटाला सोडतात.”

विसाव्या. गाणं पंधराव्याला.

आतल्या दालनात आइस्क्रीमच्या टेबलावर भिंतीला एक छोटा पडदा आहे. स्टेजवर काय चाललंय ते दिसतं त्यात, करड्या रंगात, मुंग्यांएवढं. आवाज नाही. घड्याळात दोन चाळीस. तेवढ्यात जिन्यावरून एक बाई लगबगीनं उतरली, निळा सूट, हातात किल्ल्या. फिलिपा. नाट्यगृहाची मॅनेजर.

“तुम्हीच का त्या पिवळ्या...”

बस्स. ‘पिवळ्या’ ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“हो, मीच ती पिवळी! तुम्हीच बोलावलंत ना पिवळं होऊन? बाहेर केवढं मोठं लिहिलंय! आमचे फोटो लावून तिकिटं विकता आणि आम्ही दारात आलो की गड्यासारखं ढकलता?”

“मॅडम, दोन मिनिटं माझं जरा...”

“दोन मिनिटं तुमच्याकडे असतील! मी त्या पोरींबरोबर गुपचूप घुसले असते तर आत्ता आत असते. खरं बोलले म्हणून कचऱ्यात! इंग्लंडात हेच चालतं. खऱ्याला मागचं दार.”

“मला माहीत आहे काय झालं. क्लाइव्हनं आत्ताच...”

“क्लाइव्हचं नाव काढू नका! बँकेत असाच लोकांना चुकीच्या खिडकीला पाठवत असेल जन्मभर!”

तिनं किल्ल्यांचा हात वर केला, काहीतरी दाखवायला. मला वाटलं, गप्प करतेय. मग तर मी सुटलेच. आमच्या गावावर नाटक करता आणि गावची बाई आली की तिला ओळखत नाही, इथपासून ते शाळेच्या स्वयंपाकघरात आम्हाला काय मिळतं आणि तुमच्या आइस्क्रीमच्या वाटीला काय पडतं, इथपर्यंत. सगळं. वर्षानुवर्षांचं. मला ऐकू येत होतं की माझा आवाज छताला लागतोय, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. अगदी मोकळं.

आइस्क्रीमवाली बाई टेबलामागून म्हणाली, “अहो, ते बघा. कुणीतरी एकटी उभी राहिलीय.”

मी वळले. पडद्यात मुंगीएवढी कर्स्टी. सहाजणी मागे सरकलेल्या. ती तोंड उघडत होती, मिटत होती. हात दोन्ही खाली, अंगाशी. मग तिनं मान जराशी उचलली, उगाच कुणाला शोधल्यासारखी, आणि पुन्हा तोंड उघडलं.

“तेच सांगतेय मी मघापासून,” फिलिपा म्हणाली. शांतपणे म्हणाली, तेच जास्त लागलं. “विसाव्या मिनिटाचा नियम खुर्चीपर्यंत जाणाऱ्यांना आहे. मागे उभं राहायला कधीही सोडतो. तुम्हाला घेऊन जायलाच मी खाली आले होते. क्लाइव्हनं कळवलं होतं, त्याला फार वाईट वाटलंय.”

“मग बोललात का नाही?”

तिनं किल्ल्या सावरल्या आणि दाराकडे वळली. 

आम्ही दोघी धावलो. तिनं किल्ली लावली, दार उघडलं, आणि आतून टाळ्या आल्या. मोठ्या टाळ्या. म्हाताऱ्यांच्या हातांच्या, कोरड्या, पण थांबेचनात. स्टेजवर बोट निघाली होती. कर्स्टीची पाठ दिसली, मग तीही नाही.

खेळ संपेपर्यंत मी मागे भिंतीला टेकून उभी होते. अकराव्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी. इतक्या मागूनही ती ठळक दिसत होती.

पाचला मागच्या दाराशी गेले. कर्स्टी आली, कपाळाला अजून रंग.

“कुणाशी भांडत होतीस?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? खुर्ची रिकामी. म्हटलं, झालं. आई कुठेतरी कुणाची तरी सालटी काढतेय.”

मी सगळं सांगितलं. पडदा, टोपली, पिंपं, क्लाइव्ह. टोपली खाली ठेवली ते सांगितलं तेव्हा तिनं माझा दंड धरला. फिलिपाचं सांगायला लागले तेव्हा सोडला.

“म्हणजे सोडत होते तुला आत.”

“हो.”

“किती वेळ बोललीस तू?”

“पाच मिनिटं. जास्त असतील.”

ती पायऱ्यांवर बसली. आतून कुणीतरी हाक मारली, संध्याकाळच्या खेळाआधी खाऊन घे म्हणून. तिनं ‘आले’ म्हटलं, पण उठली नाही.

“सगळे म्हणाले छान झालं. दिग्दर्शकाचा फोन आला, छान झालं. क्लाइव्हसुद्धा आत येऊन म्हणाला, छान झालं. ते म्हणणारच. तू खोटं बोलत नाहीस, आई. मला तुझ्याकडून ऐकायचं होतं.”

मी तोंड उघडलं. आख्ख्या गावाला सुनवायला माझ्याकडे शब्द असतात.

“आत्ता म्हण ना,” मी म्हणाले. “एकच कडवं. इथे.”

“नको. आवाज राखायचाय. संध्याकाळी मागे उभं राहायचंय.” मग वर बघून, “काहीच नाही बघितलंस?”

“बघितलं. त्या छोट्या पडद्यात, शेवटचं थोडं. हात हलवले नाहीस. ते बरं केलंस. मागे उभ्या होत्या त्यांतली एक हलवत होती, ती पंखा फिरवल्यासारखी दिसते.”

ती जराशी हसली. “हं. आणि आवाज?”

मी बोटांच्या चिंध्या सोडत बसले. नऊ राहिल्या होत्या, आणि ब्रेंडाच्या गाठी फार घट्ट असतात.